चारचौघांत अजिबात न लाजणारं टीनएजर पोर घरात असेल तर काय करायचं

टीनएज मुलांच्या आईबाबांना सगळे एकच गोष्ट सांगतात, की या वयात मुलं फार लाजतात, मित्रांसमोर त्यांना काही बोलू नका, शाळेच्या गेटपर्यंत सोडायला जाऊ नका वगैरे. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरंच आहे. डेव्हिड एल्काइंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये हेच मांडलं होतं, की या वयातल्या मुलांना सतत वाटत राहतं सगळे आपल्याकडेच बघतायत, म्हणजे डोक्यातल्या डोक्यात एक प्रेक्षकवर्ग बसलेलाच असतो. पण काही घरांत नेमकं उलटं असतं. पोराला कशाची म्हणजे कशाचीच लाज वाटत नाही. भर एसटीत मोठ्याने गाणी म्हणेल, अनोळखी वरातीत शिरून नाचेल, शेजारच्या काकूंनी सहामाहीचे मार्क विचारले तर जिन्यातूनच ओरडून सांगेल की गणितात काठावर सुटले. माझी मुलगी अशीच आहे, आता दहावीत आहे, आणि अशा मुलांच्या आईबाबांना रोज नक्की काय करायचं हे फार कुणी सांगत नाही म्हणून जमेल तसं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक सवय सोडायची आहे, ती म्हणजे लाज काढून शिस्त लावायची. आपल्याला स्वतःला लहानपणी तसंच वळण लावलंय ना, पाहुण्यांसमोर बोलायचं, भावंडांसमोर मार्क वाचून दाखवायचे, 'लोक काय म्हणतील' हे दिवसातून दहादा ऐकवायचं. लाजऱ्या मुलावर याचा परिणाम होतो (वाईटच होतो, पण होतो), न लाजणाऱ्या मुलावर काहीच होत नाही, उलट समोर चार माणसं आहेत म्हटल्यावर त्याला आणखी रंग चढतो. मग आपण आवाज वाढवतो, 'थांब, तुझ्या मित्रांनाच सांगते सगळं' अशी धमकी देतो आणि ते शांतपणे म्हणतं, 'सांग ना, मीच सांगितलंय त्यांना.' इथे आपण हरणारच, कारण ज्या गोष्टीची भीती घालतोय ती भीती त्या मुलाकडे नाहीच. आणि जी मुलं मुळात अशी नसतात तीसुद्धा वारंवार चारचौघांत अपमान झाला की हळूहळू कोडगी होतात. म्हणून हा मार्ग पूर्ण बंद करा, अधूनमधून वापरू असंही नको.

यानंतर बघायचं की आपलं पोर कुठल्या प्रकारात बसतं, कारण बाहेरून सगळी सारखीच दिसतात पण आतलं कारण वेगवेगळं असतं. काही मुलं स्वभावानेच अशी असतात, बालवाडीपासून, गॅदरिंगला स्टेजवर जाऊन नाच विसरलं तरी हसत उभी राहणारी. यांची काळजी करायचं कारण नाही. काही मुलं वरवर हसून उडवून लावतात पण आत लागलेलं असतं, हे ओळखायचं तर घटना घडली त्या वेळी नाही तर रात्री बघायचं, जेवण कमी झालं का, झोप लागत नाही का, ज्या मित्राने चिडवलं त्याचं नाव अचानक घरात येईनासं झालं का. तिसरा प्रकार वर म्हटलं तो, बोलणी खाऊन खाऊन निबर झालेला. आणि चौथा असा, की त्या मुलाला समोरच्याच्या चेहऱ्यावरचं वाचताच येत नाही, म्हणजे लाज वाटत नाही असं नाही, तर लाज वाटण्यासारखं काही घडलंय हेच त्याच्यापर्यंत पोचत नाही. ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं, अति चंचलपणा) असलेल्या काही मुलांमध्ये असं दिसतं. हे लहानपणापासून असेल, मित्र टिकत नसतील, चेष्टा आणि खरं यातला फरक कळत नसेल तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवून घ्या, त्यात वेळ घालवू नका. शिक्का बसेल म्हणून टाळतात लोक, पण शिक्का तर नातेवाइकांनी आधीच मारलेला असतो ना, तो जास्त वाईट.

पुढचं सगळं मुख्यतः पहिल्या प्रकारच्या मुलांबद्दल.

रोजच्या रोज कामी येणारी गोष्ट म्हणजे ओरडण्याआधी स्वतःला विचारायचं, की आत्ता जे झालं त्यात कुणाला त्रास झाला का, काही धोका होता का, की फक्त मला ओशाळल्यासारखं झालं? खूप वेळा उत्तर शेवटचंच निघतं. ते बाबांचा जुना ढगळ शर्ट घालून लग्नाला आलं, भाजीवाल्याशी दहा रुपयांसाठी जोरजोरात घासाघीस केली, सोसायटीच्या गणपतीत बेसूर पण मनापासून आरती म्हटली, यात कुणाचं काय बिघडलं? काहीच नाही. तिथे गप्प बसायचं. हे बोलायला सोपं आहे आणि करायला फार अवघड आहे, कारण लाज आपल्याला वाटत असते आणि ती त्याने वाहावी अशी आपली अपेक्षा असते. पण इथे गप्प बसलात तरच जिथे खरंच बोलायचंय तिथल्या बोलण्याला वजन राहतं, नाहीतर शर्टासाठीही तोच आवाज आणि कुणाला दुखावलं त्यालाही तोच आवाज, मग पोराला फरक कसा कळणार.

आता जिथे खरंच कुणाला त्रास झालाय तिथे. आपल्याकडे म्हणतात ना, जनाची नाही तर मनाची तरी बाळग. या मुलांना जनाची कमी असते, पण मनाची कमी असते असं अजिबात नाही, आणि आपलं सगळं काम तिथेच आहे. मानसशास्त्रातही हा फरक करतात, मी वाईट आहे असं वाटणं वेगळं आणि मी जे केलं ते वाईट होतं असं वाटणं वेगळं, आणि माणूस चूक सुधारायला उठतो तो दुसऱ्यातून, पहिल्यातून नुसता लपतो किंवा उलट चिडतो. तर बोलताना मुलाबद्दल बोलायचंच नाही, जे झालं त्याबद्दल आणि ज्याला झालं त्याच्याबद्दल बोलायचं. 'तुला काही वाटतं की नाही' हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका. त्याऐवजी 'तू सगळ्यांसमोर सांगितलंस की मामाची नोकरी गेली, त्यानंतर मामा जेवायला बसला नाही, बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला' एवढंच. आणि थांबायचं, पुढे प्रवचन नको.

इथे एक अडचण येते ती नीट समजून घ्या. आपण म्हणतो 'तुला कुणी असं बोललं तर कसं वाटेल?' आणि ते प्रामाणिकपणे म्हणतं, 'मला काहीच वाटणार नाही.' आणि खरंच वाटणार नसतं! ते उद्धटपणा करत नसतं. बाकीच्या मुलांना स्वतःवरून जग ओळखायला शिकवलं तर चालतं, या मुलांना चालत नाही, कारण त्यांचं स्वतःचं माप इतरांपेक्षा खूप वेगळं आहे. म्हणून त्यांना लोकांच्या खुणा वाचायला शिकवायला लागतं, सरळ अभ्यासासारखं. माणूस एकदम बोलायचा थांबला, हसला पण अर्धवट, मान खाली घालून मोबाइल बघायला लागला, विषय बदलला, 'चला निघतो' म्हणाला, म्हणजे समजायचं की हे त्याला आवडलेलं नाही आणि तिथे थांबायचं, पटो न पटो. टीव्हीवर मालिका बघताना, लग्नातून परत येताना गाडीत, 'आत्याचा चेहरा बघितलास का तेव्हा?' असं सहज विचारत राहायचं. काही महिने लागतात पण येतं. माझी मुलगी आता मध्येच थांबून समोरच्याला विचारते, 'हे बोललेलं चालतंय ना तुला?' आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

सॉरीबद्दल पण सांगायला हवं. लाजऱ्या मुलाला माफी मागताना खूप जड जातं, त्यामुळे त्याने नुसती माफी मागितली तरी काहीतरी सोसलेलं असतं. या मुलांना माफी मागायला काहीच वाटत नाही, ती सगळ्यांसमोर हात जोडून, गुडघ्यावर बसून, मोठ्या आवाजात 'सॉरी सॉरी सॉरी' करतील, समोरचा आणखी अवघडेल आणि आपल्या पोराला वाटेल मिटलं. तर नुसतं सॉरी धरायचं नाही. एकट्याने, बाजूला जाऊन, हळू आवाजात बोलायचं आणि जे बिघडवलं ते दुरुस्त करायचं. बहिणीचं गुपित फोडलं तर जिथे जिथे सांगितलंय तिथे जाऊन 'मी बोलायला नको होतं, पुढे सांगू नका' हे स्वतः सांगायचं. आजी तोंड उघडं टाकून झोपलेली असताना व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला तर तो डिलीट करायचा आणि मग आजीशेजारी बसून तिला सांगायचं की असं केलं होतं. शिक्षासुद्धा अशीच त्या गोष्टीशी जोडलेली हवी, आणि ती सांगताना समोर कुणीही नको, अगदी आजोबाही नकोत. जेवणानंतर चक्कर मारायला घेऊन जा, स्कूटरवर मागे बसलेलं असताना सांगा, आवाज एकदम साधा ठेवा. प्रेक्षक नसले की ही मुलं बरंच ऐकतात, हे मी अगदी खात्रीने सांगते.

भावंडांचं फार बघा. घरात एक न लाजणारं आणि एक लाजरं असं कॉम्बिनेशन असेल तर लाजऱ्याचे हाल होतात आणि ते बोलत नाही. धाकटा सातवीत आहे आमचा, त्याला ताई शाळेच्या व्हरांड्यातून त्याचं घरातलं लाडाचं नाव घेऊन हाक मारते याचा इतका त्रास व्हायचा की तो डबा तसाच परत आणायचा. यात ताईचा काही वाईट हेतू नव्हता, तिला प्रेमच वाटत होतं. आम्ही घरात एक नियम केला, ज्याच्याबद्दल गोष्ट आहे त्यानेच ठरवायचं की ती बाहेर सांगायची की नाही, आणि कुणी 'बास' म्हटलं की त्या क्षणी थांबायचं, लगेच का म्हणून विचारायचं नाही, ते रात्री विचारलं तरी चालतं. हा नियम आईबाबांनाही लागू, म्हणजे आपणही तिच्या गमती नातेवाइकांना रंगवून सांगायच्या नाहीत. तिला चालत असलं तरी नाही, कारण घरात ती जे बघणार तेच बाहेर करणार.

मित्रांच्या पैजा आणि मोबाइल, या दोन ठिकाणी मात्र खरी काळजी घ्यायला लागते.

लाजणाऱ्या मुलाला 'लोक बघतील' हा एक ब्रेक असतो, या मुलांना तो नाही. त्यामुळे ग्रुपमध्ये 'कोण करून दाखवणार' म्हटलं की सगळे याच्याकडेच बघतात. 2005 मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग केला होता, 13 ते 16 वर्षांची मुलं, 18 ते 22 ची आणि 24 च्या पुढची माणसं अशा तीन गटांना कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा गेम दिला, काहींना एकट्याने आणि काहींना सोबतचे बघत असताना. मोठ्यांच्या खेळण्यात फारसा फरक पडला नाही, पण लहान मुलं मित्र बघत असताना कितीतरी जास्त धोका घ्यायला लागली. म्हणजे बघणारे असले की कुठल्याही टीनएजरचं असं होतं, त्यात आपलं पोर तर प्रेक्षकांवरच जगणारं. यासाठी आधीच, शांत वेळी, ठरवून ठेवा की कशाला ठाम नाही म्हणायचं: उंचावरून उडी, पाणी, रेल्वे रूळ, गाडी. दहीहंडीला वरच्या थरावर चढायला अशीच बिनधास्त मुलं पुढे येतात, तिथे 14 वर्षांखालच्या मुलांना बंदी आहे हे मंडळाच्या दादांनाही ठणकावून सांगा. गाडीबद्दल तर सरळ कायदा सांगा, 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199 अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'लोक काय म्हणतील' ऐकून न हलणारं पोर 'बाबा जेलमध्ये जाऊ शकतात' हे ऐकून विचारात पडतं, कारण ती खरी गोष्ट आहे.

मोबाइलचं असं आहे की आज न वाटणारी लाज उद्या वाटू शकते आणि व्हिडिओ तोपर्यंत कुठेकुठे गेलेला असतो. पण हे पंधरा वर्षांच्या पोराला पटत नाही, तेव्हा त्यावर वाद घालत बसू नका. दोन साधे नियम पुरतात. दुसरं कुणी फ्रेममध्ये असेल तर विचारल्याशिवाय टाकायचं नाही, आणि स्वतःचं असेल तर एक रात्र जाऊ द्यायची आणि सकाळी परत बघून टाकायचं. कपड्यांशिवायचे फोटो हा विषय लाजेखातर टाळू नका, पोर लाजत नाहीये तर आपण कशाला लाजायचं. स्पष्ट सांगा की 18 वर्षांखालच्या कुणाचाही असा फोटो किंवा व्हिडिओ मागणं, जमवणं, पुढे पाठवणं हे पॉक्सो कायदा, 2012 (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) आणि आयटी कायद्याचं कलम 67 ब यांखाली गुन्ह्यात येतं, मग तो वर्गमित्र का असेना. आणि अंग झाकायचं ते घाण आहे म्हणून नाही तर ते तुझं स्वतःचं आहे म्हणून, हे मुलाला आणि मुलीला दोघांना एकाच शब्दांत सांगा. कुणी फोटोवरून धमकी देत असेल तर अशी मुलं घरी येऊन लवकर सांगतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे, फक्त सांगितल्यावर आपण किंचाळायचं नाही. 1098 ही चाइल्डलाइन आहे, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते, स्क्रीनशॉट आधी सांभाळून ठेवा.

शाळेतून तक्रारी येतातच. बाईंना वाटतं वर्गासमोर उभं केलं की सुधारेल, आणि आपलं पोर तिथे उभं राहून अख्ख्या वर्गाला हसवतं. भांडायला जाऊ नका, भेटून नीट सांगा की सगळ्यांसमोर बोललात तर ती रंगात येते, मधल्या सुट्टीत बाजूला बोलावून दोन वाक्यं सांगा, लगेच ऐकते. बहुतेक शिक्षकांना हे पटतं कारण त्यांचाही त्रास वाचतो. सोबत विचारा की परिपाठात बातम्या वाचायला, गॅदरिंगला सूत्रसंचालन करायला देता का. पण एखाद्या ठिकाणी मुद्दाम अपमानच करत असतील, तर शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे हे माहीत असू द्या. माझ्या पोराला काही वाटत नाही म्हणून ते चालवून घ्यायचं नाही, बघणाऱ्या चाळीस मुलांना वाटतंच.

मुलगी असेल तर एक जास्तीची गोष्ट. मुलगा असा असला की 'बिनधास्त आहे' म्हणतात आणि मुलगी असली की 'मुलीच्या जातीला शोभतं का' सुरू होतं. माझी मुलगी मेडिकलमधून पॅड घेताना दुकानदार काळ्या पिशवीत घालायला लागला तर 'काका, पिशवी नको, असंच द्या' म्हणते. सुरुवातीला मागे रांगेतले लोक बघायचे. बघू देत! तिने यात काहीही चुकीचं केलेलं नाही, आणि डॉक्टरसमोरही ती पोटात कुठे दुखतंय, पाळी कधी आली, सगळं स्वतः सांगते, जे मला तिशीपर्यंत जमत नव्हतं. मुलींच्या बाबतीत त्रास-धोका-ओशाळणं हे तीन प्रश्न आणखी प्रामाणिकपणे विचारा, कारण आपल्याला जे चुकीचं वाटतंय त्यातलं पुष्कळ फक्त ती मुलगी आहे म्हणून वाटत असतं.

या स्वभावाला कामंही भरपूर द्या. महावितरणच्या ऑफिसात जाऊन वाढीव बिलाबद्दल विचारणं, बँकेत आजोबांचं पासबुक भरून आणणं, गॅस एजन्सीला परत परत फोन लावणं, हॉस्पिटलच्या ओपीडीत नंबर कधी येणार ते विचारणं, जिथे आपण मोठी माणसंही चाचरतो तिथे ही मुलं सरळ जाऊन विचारतात. वक्तृत्व, पथनाट्य, ढोल पथक, मंडळाची वर्गणी, सगळीकडे त्यांची गरज असते. आणि वर्गात कुणाला चिडवत असतील तर सगळ्यांसमोर उठून 'बास करा' म्हणण्याची ताकदही याच मुलांत असते, ते केलं की घरी तोंडभरून कौतुक करा. अभ्यासाचं मात्र वेगळं बघायला लागतं, कारण कमी मार्कांची लाज हे इंधन इथे नाही. त्यामुळे शेजारच्याचे मार्क सांगण्यात अर्थ नाही, तिला पुढे काय करायचंय ते तिच्याच तोंडून काढून त्याला किती मार्क लागतात हे तिलाच शोधायला लावायचं, आमच्याकडे तेवढ्यानेच पुस्तक उघडलं गेलं.

डॉक्टरकडे कधी जायचं, तर बदल अचानक झाला असेल तेव्हा. आधी लाजरं असलेलं पोर काही दिवसांत एकदम बेधडक झालं, झोप अगदी कमी पण उत्साह उतू जातोय, भराभर बोलतंय, पैसे उधळतंय, लैंगिक बोलणं-वागणं भलतंच वाढलंय, नशेचा संशय येतोय, किंवा कुणाला जबर दुखावून नंतर एकांतातसुद्धा काडीचं वाईट वाटत नाहीये, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, 14416 ला, फुकट आणि चोवीस तास बोलता येतं, मराठीतही.

राहिले नातेवाईक. 'निर्लज्जम् सदा सुखी' असं कुणीतरी म्हणणारच, तिच्यासमोर. त्या वेळी आपणही हसायचं नाही आणि तिला तिथेच झापून आपण कडक आहोत असंही दाखवायचं नाही. 'आत्या, मी बोलते तिच्याशी' एवढं बोलून विषय बदला, आणि खरंच बोलण्यासारखं काही असेल तरच नंतर बोला. लग्नाकार्याला निघताना गाडीत दहा सूचना देऊ नका, दोनच द्या, त्या दिवसापुरत्या आणि माणसांची नावं घेऊन: काकांच्या ऑपरेशनचं कुणाला सांगायचं नाही, आणि वहिनीला बाळाबद्दल विचारायचं नाही. का ते पण सांगा. बाकी मग वरातीत नाचू दे तिला.